पाठीवरचे बावन्न किलो

लष्करी न्यायालयात आरोपीला टोपी आणि पट्ट्याशिवाय आणतात. एकतीस वर्षं मी त्या खोलीच्या कोपऱ्यात लघुलेखिका म्हणून बसले, पण त्या उघड्या डोक्यांची मला कधी सवय झाली नाही. बाकी सगळं बदलताना पाहिलं. सुरुवातीला टाइपरायटर आणि तीन कार्बन होते. मग कॉम्प्युटर आला. मग बोललेलं आपोआप लिहून घेणारं यंत्र आलं आणि मी घरी गेले. आरोपीचं डोकं मात्र उघडंच राहिलं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा कोळेगाव छावणीतल्या त्या खोलीत शिरले, तेव्हा आधी तेच दिसलं. लान्स नायक प्रथमेश ढाणे, वय सत्तावीस, गाव खटाव तालुक्यात. केस कानावर आलेले, कारण कोठडीत न्हावी वेळेवर येत नाही. पट्टा नसल्यामुळे पँट खाली सरकत होती आणि सावधान उभा असल्यामुळे त्याला ती वर ओढता येत नव्हती.

मी तिथे त्याची 'मित्र' म्हणून गेले होते. हा नियम फार जुना. आरोपीला बचाव करणारा अधिकारी मिळतोच, शिवाय त्याच्या मर्जीचा एक माणूस शेजारी बसू शकतो. त्या माणसाने न्यायालयाशी बोलायचं नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नाही. फक्त आरोपीच्या कानात सल्ला द्यायचा, फार तर वकिलाकडे चिठ्ठी सरकवायची. निवृत्तीनंतर मी बढतीच्या परीक्षेसाठी जवानांना लष्करी कायदा शिकवत असे. ढाणे त्यातलाच. दोनदा नापास झालेला.

"मीच कशी आठवले रे तुला?" मी कोठडीत त्याला विचारलं होतं.

"बाई, तुम्हीच शिकवलंत ना, मित्र म्हणून कोणीही चालतं."

"त्या तासाला तू झोपला होतास."

"झोपलोच होतो. पण तेवढं ऐकलं."

हसला नाही. हसण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

घडलं ते असं. मे महिन्यातली दुपार, पावणेतीनची वेळ. पत्र्याच्या छपराखालच्या कोठडीत शिपाई समाधान वाघमोडे अटकेत होता. बावीस वर्षांचा पोरगा, आटपाडीकडचा. रजेवरून आठ दिवस उशिरा आला, एवढाच गुन्हा. अठ्ठेचाळीस तासांत त्याची चौकशी सुरू व्हायला हवी होती. नववा दिवस उजाडला तरी त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पहाऱ्यावर एकटा ढाणे होता, पहाऱ्याचा हवालदार जेवायला गेलेला. तीन वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाघमोडेला मृत घोषित केलं. उष्माघात.

ढाणेवर दोन आरोप होते. पहिला, पहारा सोडून गेल्याचा. दुसरा, त्या हलगर्जीने ताब्यातल्या माणसाचा जीव गेल्याचा. दुसरा सिद्ध झाला तर सात वर्षं. चौकशीत त्याने एकच वाक्य सांगितलं होतं: "मला काही सांगायचं नाही."

मी त्या खोलीत किती गप्प माणसं पाहिली. कोणी हट्टाने गप्प, कोणी भीतीने, कोणी कुणाला तरी वाचवायला. 'आरोपी गप्प राहिला' हे वाक्य मी शेकडो वेळा टाइप केलं असेल. त्या काळात गप्प राहणं म्हणजे तोंड मिटणं, एवढंच होतं. आता तेवढ्याने भागत नव्हतं, कारण जमीन बोलायला लागली होती.

आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. म्हणून नऊ वर्षांपूर्वी भूकंप केंद्राने छावणीभर, आणि बाहेर आमच्या गल्लीपर्यंत, वीतभर खोल काचेची तार पुरली. डॉ. रेवती इंगवले त्या केंद्राच्या प्रमुख. त्यांना साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी आधी जाऊन त्यांना भेटले. चाळिशीच्या बाई, पायात कॅनव्हासचे मळके बूट, टेबलावर अर्धवट खाल्लेली पोळीची गुंडाळी.

"तार केसाएवढी बारीक आहे, आजी," त्या म्हणाल्या. "तिच्यातून आम्ही सेकंदाला हजारो वेळा उजेड सोडतो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक दोष राहतात. त्या प्रत्येक दोषावरून थोडा उजेड मागे परततो. वर कोणी पाऊल टाकलं की तार ताणली जाते, एका मीटरचा अब्जावा भाग. तेवढ्याने परतणारा उजेड बदलतो. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान आहे. आमचे तेवीस हजार कान आहेत."

"आणि ते पावलं ऐकतात."

"आम्हाला भूकंप ऐकायचा होता. पावलं म्हणजे आमच्या दृष्टीने कचरा. पण भूकंपवाले कचराही टाकत नाहीत. नऊ वर्षांचा साठा आहे. आधी चाल ओळखता यायला लागली, प्रत्येकाची वेगळी असते. गेल्या वर्षी त्यापुढचं जमलं. माणूस स्वस्थ उभा असला तरी त्याचं हृदय दर ठोक्याला अंग किंचित हलवतं. ते टाचांतून जमिनीत उतरतं. फरशीवर उभा असेल तर आम्हाला ऐकू येतं."

मला ते खरं वाटलं नाही. मग त्यांनी पत्ता विचारला, वर्ष विचारलं, आणि आमच्या गल्लीतली एक सकाळ लावली. सात वर्षांपूर्वीची. आधी दूधवाल्याची सायकल गेली. मग पावलं आली. उजवं ठाम, डावं जरासं ओढत. माझ्या यजमानांच्या, धुमाळांच्या, डाव्या पायात सळई होती. सुभेदार म्हणून निवृत्त झाले तरी सकाळचा फेरा सुटला नाही. पावलं फाटकापाशी आली आणि थांबली. चप्पल काढण्याआधी ते नेहमी तिथे क्षणभर उभे राहत, दम खाल्ल्याचं मला कळू नये म्हणून. आमच्या पायरीला शहाबादी फरशी आहे. डॉक्टरबाईंनी कुठलीशी खूण दाबली, आणि त्या फरशीतून त्यांचं हृदय मला ऐकू आलं.

त्या पोळीच्या वासाच्या खोलीत मी देवळात काढाव्या तशा चपला काढल्या. ज्या जमिनीवर आपण थुंकतो, भांडतो, कचरा टाकतो, ती हे सगळं ऐकत होती. इतकी वर्षं. एक शब्द न बोलता.

"ते गेले तो दिवसही असेल यात," इंगवलेबाई हळूच म्हणाल्या. "हवा असेल तर."

पाच वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये धुमाळ पाण्याच्या टाकीपाशी पडले. लोकांनी पाहिलं तेव्हा सगळं संपलेलं. किती वेळ पडून होते, एकटे होते का, मला हाक मारली का, हे कोणालाच माहीत नाही. पुढच्याच महिन्यात माझ्या छातीत पेसमेकर बसवला.

"नको," मी म्हणाले, आणि निघाले.

छावणीत बातमी पसरली तसे लोक वेगळेच चालायला लागले. क्लार्क मंडळींनी स्पंजचे तळवे घेतले. कँटीनमागे भेटणारी एक जोडी तार जात नाही असा कोपरा शोधत फिरत होती म्हणे. पण खरा पेच कोठडीत होता. साठ्यातल्या पावलांना नाव नसतं. त्या दुपारी कोठडीपासून कोणीतरी एकटा एकशे वीस पावलं धावत गेला, मग अकरा मिनिटं एकही पाऊल नाही, मग तो परत आला, हे जमीन सांगत होती. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं: हा ढाणेच, आणि ती अकरा मिनिटं तो ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली आडवा झाला होता. पण तो ढाणे हे सिद्ध करायला त्याच्या चालीचा नमुना हवा. त्याने द्यायला नकार दिला होता.

म्हणून त्याच्या व्यायामाच्या तासाची जागा गुपचूप बदलली गेली. नव्या अंगणाखालून तार जात होती. ढाणेला ते कळलं. त्या दिवसापासून तो व्यायामाच्या तासाला बाकावर मांडी घालून बसू लागला. पहारेकरी म्हणायचा, "ऊठ की, पाय मोकळे कर." हा म्हणायचा, "मोकळे झाले तर बोलतील." अकरा दिवस तो खोलीत बादलीपर्यंत सोडून कुठे चालला नाही.

न्यायालयात यावर दीड दिवस वाद झाला. सरकारी बाजू म्हणाली, हस्ताक्षराचा नमुना घेता येतो, बोटांचे ठसे घेता येतात, मग पावलाचा का नाही? ढाणेचा बचाव करणारे कॅप्टन निंबाळकर तिशीचे, हुशार, पण पहिलीच केस असल्यामुळे घामाघूम. मला बोलायची मुभा नव्हती. मी चिठ्ठी लिहिली: 'ठशाबरोबर माणसाची भीती येत नाही. पावलाबरोबर हृदयही येतं. मग ते बोलणंच झालं.'

निंबाळकरांनी ते वाक्य तसंच्या तसं उच्चारलं. न्यायालयाला कायद्याचा सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी मत दिलं: आरोपीचं पाऊल हे त्याचं निवेदन आहे, त्याच्या संमतीशिवाय ते घेता येणार नाही, आणि अटकेतल्या कोणालाही तारेवरून चालायला लावता येणार नाही. आज सगळीकडे हाच नियम आहे. त्या दिवशी मात्र ते पहिल्यांदा बोललं गेलं, आणि मला माझा जुना टाइपरायटर फार आठवला. ते वाक्य मला स्वतः टाइप करायचं होतं.

कोठडीत निंबाळकर खुशीत होते. "सुटलास, ढाणे. नमुना नाही, म्हणजे तू ती अकरा मिनिटं पहारा सोडलास याचा पुरावा नाही. हवालदाराने तुला जाताना पाहिलेलं नाही. आता फक्त गप्प बस."

ते गेल्यावर ढाणे म्हणाला, "बाई, एक विचारू? ते मशीन सांगू शकतं का, तो कधी गेला?"

"कोण?"

"वाघमोडे."

मग तो बोलला. वाघमोडे आतून म्हणाला, डोकं फुटतंय. नंतर असंबद्ध बडबडायला लागला, अंग तव्यासारखं. फोन बंद होता. पहारा बदली माणूस आल्याशिवाय सोडायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेलं. म्हणून परवानगी घ्यायला तो साहेबांच्या ऑफिसकडे धावला. दारावर लाल दिवा लागलेला.

"लाल दिवा असला की आत जायचं नाही. दारही वाजवायचं नाही," तो म्हणाला. "मी उभा राहिलो. सावधान. मला वाटलं, आता विझेल, आता विझेल."

"अकरा मिनिटं?"

"मला तासभर वाटला. मग काय झालं कोणास ठाऊक, मी मागे पळालो, कुलूप उघडलं आणि त्याला पाठीवर घेतला. बाई, तो काही बोलत नव्हता. मान माझ्या खांद्यावर लोंबत होती. दवाखान्यापर्यंत मी एवढाच विचार करत होतो की मी जिवंत माणूस नेतोय की मढं नेतोय. तो त्या अकरा मिनिटांतच गेला असेल तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "मी चालत नव्हतो ते शिक्षेच्या भीतीने नाही. मशीनने तेच सांगितलं तर काय करू?"

मी सल्ला देण्यासाठी तिथे होते. गप्प बसला तर तो सुटणार होता, बढतीही झाली असती. पण पुढची पन्नास वर्षं ती मान त्याच्या खांद्यावर राहणार होती. मला हे चांगलं माहीत होतं. पाच वर्षं मी पाण्याच्या टाकीकडचा रस्ता टाळत भाजीला लांबून जात होते.

"मी तुला चाल म्हणणार नाही आणि बस असंही म्हणणार नाही," मी म्हणाले. "पण न कळण्यात सुख असतं असं तुला कोणी सांगितलं, तर ते खोटं आहे. ते मी करून पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी त्याने लेखी संमती दिली. निंबाळकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यांनी शिवी दिली असती.

इंगवलेबाई म्हणाल्या, नुसती चाल पुरणार नाही. पाठीवरच्या माणसाचं हृदय ऐकायचं तर ते ओझ्याखालच्या माणसाच्या हाडांतून जमिनीत कसं उतरतं, ते आधी कळायला हवं. म्हणजे ढाणेने वाघमोडेएवढ्या वजनाचा जिवंत माणूस पाठीवर घेऊन त्याच वाटेने जायचं, आणि त्या माणसाचा ठोका आधीपासून नेमका माहीत असायचा. वाघमोडे बावन्न किलोचा होता. छावणीत बावन्न किलोचा जवान कुठून मिळणार?

"माझं वजन बावन्न आहे," मी म्हणाले. "पेसमेकर सत्तरवर लावलाय. मिनिटाला सत्तर, कमी नाही, जास्त नाही."

न्यायालयाशी बोलायची मुभा मला नव्हती. मी हे निंबाळकरांच्या कानात सांगितलं, पण खोली लहान होती. अध्यक्ष असलेले कर्नल मान खाली घालून हसले. "आरोपीच्या मित्राने न्यायालयाशी बोलू नये असा नियम आहे," ते म्हणाले, "पण ओझं होऊ नये असा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला न्यायालयाचे पाचही सभासद बाहेर येऊन सावलीत उभे राहिले. ढाणे माझ्यापुढे वाकला.

"बाई, गळ्यात हात टाका. घट्ट."

"पाडलंस तर पुन्हा नापास करीन."

त्याने मला उचललं. लग्नानंतर कोणी मला असं उचललं नव्हतं. त्याच्या मानेला साबणाचा वास होता आणि त्याचं हृदय माझ्या पोटाशी धडधडत होतं. तो निघाला. पायाखालची साधी वाट, खडी, सुकलेलं गवत, आणि तिच्या वीतभर खाली उजेड हजारो वेळा जात होता आणि परतत होता, आमची दोघांची मोजणी करत. या वाटेवर माझा नवरा चालला होता, वाघमोडे चालला होता, मी लग्नाच्या पहिल्या वर्षी कोरी पातळं नेसून चालले होते. काहीच वाया गेलं नव्हतं.

वाट ऑफिसच्या व्हरांड्यावरून जाते. दारावर लाल दिवा लागलेला होता. आज आत खरंच कोणीतरी काम करत असेल. ढाणेचे पाय थांबले. इथे थांबायचं ठरलेलं नव्हतं. त्याच्या टाचा आपोआप जुळल्या, पाठ ताठ झाली, मी घसरले. तो दिव्याकडे पाहत होता.

मी त्याची मित्र होते. कानात सल्ला देण्याचा मला अधिकार होता.

"प्रथमेश," मी म्हणाले, "परवानगीची गरज नाही. चल."

तो चालला. वाटेतल्या नाल्यावरच्या मोरीच्या फरशीवर एकदा थांबला, दवाखान्याच्या पायरीवर एकदा, त्या दुपारी थांबला होता तिथेच.

दोन दिवसांनी इंगवलेबाई साक्षीला उभ्या राहिल्या. आधी त्यांनी ती अकरा मिनिटं लावली; ढाणेचा नमुना मिळाल्यावरच ती कचऱ्यातून वेगळी काढता आली होती. व्हरांड्याच्या फरशीतून एक हृदय येत होतं, मिनिटाला एकशे तीस. अकरा मिनिटांत ते एकदाही शंभराच्या खाली आलं नाही.

"झोपलेल्या माणसाचं हृदय असं चालत नाही," त्या म्हणाल्या.

"त्या वेळी आत कोण होतं?" कर्नलनी विचारलं.

"आत कोणी नव्हतं, सर. पंखा चालू होता."

रिकाम्या खोलीबाहेर दिवा मालवायचा राहून गेला होता, आणि त्यापुढे एक जवान सावधान उभा होता. पाचही सभासदांनी माना खाली घातल्या. त्यातल्या प्रत्येकाच्या दारावर तसाच दिवा होता.

मग त्यांनी कोठडी ते दवाखाना हा टप्पा ऐकवला. जड पावलं, एकाच माणसाची, दोघांच्या वजनाची. मोरीवर पावलं थांबली. ढाणेचं हृदय नगाऱ्यासारखं वाजत होतं. बाईंनी ते बाजूला काढलं. खाली दुसरं होतं, बारीक, फार जलद, पाखरू हातात धरल्यासारखं. पावलं पुन्हा निघाली. दवाखान्याच्या पायरीवर थांबली. ते बारीक हृदय अजून तिथे होतं. विस्कळीत, चुकतमाकत, पण होतं.

ढाणेने माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायची परवानगी नव्हती.

"पायरीपर्यंत होता," मी त्याच्या कानाशी म्हणाले. "जिवंत पोचवलास."

तो सावधान उभा होता. मग त्याने दोन्ही हात कमरेशी नेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पँट वर ओढली. कोणी त्याला टोकलं नाही.

निकालाचं मत सर्वांत कनिष्ठ सभासदाने आधी द्यायचं असतं, म्हणजे वरिष्ठाचं ऐकून त्याचं मत बदलत नाही. त्या बंद खोलीत काय झालं ते मला ठाऊक नाही. पहारा सोडल्याबद्दल ढाणे दोषी ठरला आणि दंडावरची फीत गेली. वाघमोडेच्या मृत्यूबद्दल तो निर्दोष ठरला. माणूस नऊ दिवस विचारपूस न करता कोंडून का ठेवला, याची वेगळी चौकशी न्यायालयाने मागितली, आणि ती झालीही. ती अकरा मिनिटं मात्र कोणालाच परत देता आली नाहीत. वेळेवर नेला असता तर वाचला असता का, हे जमीनही सांगू शकत नाही. ते ढाणेकडेच राहिलं. पण आता तो चालतो. आटपाडीला जाऊन वाघमोडेच्या आईला सगळं सांगून आला. लाल दिव्याचंही सांगितलं.

परत आल्यावर पेढे घेऊन माझ्याकडे आला. निघताना फाटकात थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही त्या टाकीच्या रस्त्याने का जात नाही?"

मी उत्तर दिलं नाही. गप्प राहण्याचा हक्क मलाही आहे.

पण पुढच्या सोमवारी मी भूकंप केंद्रात गेले. इंगवलेबाईंनी काही विचारलं नाही. मी त्या मार्चमधली तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. आधी दूधवाल्याची सायकल गेली. मग मी कान देऊन बसले. उजवं ठाम, डावं जरासं ओढत, अशी पावलं यायची होती.